ओली कणीक

गोरखला वेल्ह्याजवळच्या वाडीतून फक्त एक पखवाज आणायचा होता. श्रावणातली दुपार, गाडीची टाकी भरलेली, मागं बांधायला रबरी दोरी. तरी किकवीतून निघताना त्याचा पाय उचलत नव्हता. पखवाज रखमाजी बुवांचा होता, आणि बुवांचा तेरावा नुकताच झाला होता.

बुवांनी त्याला पोटच्या पोरासारखं शिकवलं होतं. यंदा सप्त्यात त्यांचा हात थरथरायला लागला, तेव्हा त्यांनी फोन करवला, "समाप्तीला तूच वाजव, लगोलग ये." गोरखनं सांगितलं, गाडी बंद पडलीय. गाडी ठणठणीत होती. स्वारी नसरापुरात कुणा पुढाऱ्याच्या वाढदिवसाला बॅन्जो पार्टीबरोबर ढोलकी बडवत होती, आणि नाचणाऱ्यांचे व्हिडिओ सगळ्या तालुक्यात फिरत होते. त्याच रात्री बुवा गेले. ते आपल्यावर चिडूनच गेले असणार, या विचारानं गोरखचं जेवण तुटलं होतं; तोंड दाखवायचा धीर झाला नाही, म्हणून तो दहाव्या-तेराव्यालाही गेला नव्हता.

चंद्राकाकी पडवीत बसल्या होत्या. "घिऊन जा बाबा," त्या एवढंच म्हणाल्या. "त्यांनी तुझंच नाव घेतलं व्हतं."

कोपऱ्यात कुंडलिक होता. गोरखचा गुरुबंधू, बाजारात पिठाची गिरणी चालवणारा. त्यानं मान वर केली नाही. पखवाज आपल्याला मिळेल असं त्याला वाटलं असेल, गोरखनं ताडलं.

गोरखनं पखवाजावरचं फडकं काढलं आणि थबकला. डाव्या तोंडाच्या कातड्यावर, पुडीवर, कणीक होती. ओली.

पखवाज घुमावा म्हणून वाजवण्याआधी डाव्या पुडीवर भिजवलेली कणीक थापतात, आणि वाजवून झालं की खरवडून काढतात. बुवांचा याबाबतीत दंडक होता. एकदा कणीक लावली, की न वाजवता उठायचं नाही.

"कुणी लावली ही?"

"कोण लावणार?" काकी म्हणाल्या. "त्यांच्यामागं हात न्हाई लावला कुणी."

गोरखनं कुंडलिककडं पाहिलं. पीठ याच्याच घरचं. आपल्याला टोचायला केलेला चावटपणा, दुसरं काय! त्यानं कणीक खरवडून अंगणात टाकली, पखवाज पोत्यात घालून गाडीला बांधला आणि निघाला.

मार्गासनी मागं पडलं आणि धुकं उतरलं. आधी डोंगर गेला, मग शेतं, मग रस्त्याच्या कडा. भाताच्या खाचरांचा कुजका ओला वास तेवढा राहिला. खड्डा आला की मागं पखवाज घुमायचा... धुम्. साहजिकच होतं. पण पुढं डांबर गुळगुळीत लागलं, तरी तो घुमत राहिला. मंद, ठाय लयीत. नवख्याला पहिला धडा देताना बुवा वाजवायचे तसा.

एसटीच्या निवाऱ्यापाशी गाडी आचके देत बंद पडली. किका मारून गोरखचा पाय भरून आला. शेवटी त्यानं पखवाज निवाऱ्यात नेला, पोतं सोडलं.

कणीक पुन्हा होती. ओली, आणि हात लावला तर कोमट.

रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. तरी त्याच्या मनातून कुंडलिक जाईना. त्यानं फोन लावला. "कुंडलिक, काय केलंस तू पखवाजाला?"



"ओली हाय का अजून?" कुंडलिकनं विचारलं. "मला वाटलं, तुझ्याकडं आल्यावर थांबंल."

"म्हणजे?"

"समाप्तीला बुवांनी सोता कणीक लावली, तुझ्यासाठी. म्हणाले, 'गोरखची गाडी बंद पडलीया, नीट झाली की यील.' वाळली की काढायचे, पुना लावायचे. आमी तुझा व्हिडिओ दावला तर आमच्यावरच चिडले. 'जुना असंल त्यो. माझा गोरख खोटं बोलत न्हाई.' दहाव्याला पिंडाला कावळा शिवला न्हाई, गोरख. दर्भाचा करावा लागला."

गोरखच्या डोळ्यांना धार लागली. बुवा चिडले नव्हते. वाट बघत होते! त्यानं फोन ठेवला, मांडी घातली आणि वाजवायला बसला. पखवाज असा घुमला, की त्याच्या छातीतलं दडपण हललं. मग त्यानं कणीक खरवडली, तिचा गोळा करून निवाऱ्याच्या कट्ट्यावर ठेवला आणि हात जोडले.

धुक्यातून एक कावळा आला. कट्ट्यावर बसला.

"बुवा, दरसाल सप्त्यात वाजवीन."

कावळा जरा पुढं सरकला.

"काकींना अंतर देणार न्हाई... बॅन्जोला पुना हात लावणार न्हाई..."

कावळा गोळ्यापाशी आला. चोच खाली गेली. गोरखचं मन इतकं भरून आलं, की आता काहीच आत ठेवू नये असं त्याला वाटलं.

"बुवा, माफ करा. गाडी बंद पडली नव्हती. म्या खोटं बोललो."

चोच तिथंच थांबली. कावळ्यानं मान तिरकी करून त्याच्याकडं पाहिलं, बराच वेळ. मग गोळ्याला न शिवता तो उडाला. गोरखनं गोळा उचलला, तर हातात दगड आल्यासारखा वाटला. आठवडाभर उन्हात पडल्यासारखा तो वाळून फुटला होता.

गाडी पहिल्याच किकला सुरू झाली.

घरी मंगलनं, त्याच्या बायकोनं, कणीक भिजवून दिली. पुडीवर थापली की हात उचलायच्या आत तिचे पापुद्रे सुटत होते. पखवाज घुमेना, नुसता पत्र्यासारखा वाजत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पखवाज घेऊन कुंडलिकच्या गिरणीत गेला. वाटेतलं काही त्यानं सांगितलं नाही, पुडीत बिघाड झालाय एवढंच म्हणाला. कुंडलिकनं मूठभर पीठ भिजवलं, थापलं. कणीक गपकन बसली. त्यानं थाप मारली आणि गिरणीच्या भिंती घुमल्या.

कुंडलिकनं पुडीवर तळहात ठेवून आवाज थांबवला. "गोरख," तो हलक्या आवाजात म्हणाला, "असं काय बोललास रं तू बुवांना? काल तिन्हीसांजंला परत आले, तवा रडत हुते."