तिसऱ्या कपातलं आलं

"मावशी, ओढणीची शिवण उसवलीय कुणीतरी! कागद नाहीये!"

अकबेरेतची किंकाळी ऐकून लेतेब्रहान कॉफीचं भांडं तसंच टाकून आत धावली.

अकबेरेतच्या नवऱ्याने तुरुंगात काढलेल्या वर्षांचा तो कागद म्हणजे एकच पुरावा. बारा वर्षांपूर्वी सुटल्यावर महिन्याभरात तो बिचारा मायदेशी, अस्मारातच वारला. उद्या सकाळी फ्रँकफुर्टच्या कचेरीत अकबेरेतच्या आसऱ्याच्या अर्जाची सुनावणी. कागद नसेल, तर तिची परत पाठवणी ठरलेली.

दुपारच्या कॉफीला, रीतीच्या तीन कपांना, पाहुणे दोनच होते. शेजारीण त्सेहायतू आणि अकबेरेतचा दीर किफ्लोम. त्याला इथे आसरा मिळून अकरा वर्षं झाली होती.

लेतेब्रहानने मायदेशी वीस वर्षं केरेनच्या कोर्टात कारकुनी केली होती. तिने आधी बाहेरचं दार लावून घेतलं.

"त्सेहायतू, जागेवरून उठली होतीस?"

"या गुडघ्यांनी? मला उठवायला क्रेन लागते, बाई! आणि तिसऱ्या कपात घालायला आलं कुठून सापडलं तुला? घसा सोलवटला माझा."

"किफ्लोम, तू?"

"फोन आला, म्हणून तिसरा कप घेऊन गॅलरीत गेलो. तिथेच प्यायलो."

"कॉफी कशी होती?"

"तिन्ही कप एका चवीचे. तुझ्या हाताला तोड नाही, मावशी."

ओढणी ठेवलेल्या आतल्या खोलीतूनच गॅलरीत जाता येत होतं. लेतेब्रहान त्या खोलीत गेली. खिडकीतल्या सब्जाच्या कुंडीतली माती ओली होती. चिमूटभर उचलून तिने हुंगली.

"आलं फक्त तिसऱ्या कपात होतं," बाहेर येत ती म्हणाली. "तू ते चाखलंच नाहीस. कॉफी उकळती, तुला घाई. पण तिसरा कप आशीर्वादाचा, भरलेला परत कसा द्यायचा? म्हणून कुंडीत ओतलास. एवढी रीत पाळलीस, आणि भावजयीचा कागद चोरलास?"

किफ्लोमची मान खाली गेली.

"तू तुरुंग पाहिलेलाच नाहीस. तुझ्या सुनावणीत भावाची चार वर्षं स्वतःची म्हणून सांगितलीस. तीच कोठडी, त्याच तारखा. उद्या हिचा कागद पुढे आला की तुझं बिंग फुटणार होतं."

किफ्लोमने मोज्यातून कागद काढला. "वहिनी, मला हाकलतील या भीतीनं..."

"त्यांच्या पाठीवरचे वळ मी धुतलेत, भावजी," अकबेरेत एवढंच म्हणाली. मग ती वळली. "पण मावशी, सुनावणीत हे काय बोलले, ते तुम्हाला कसं ठाऊक?"

लेतेब्रहानला तिच्याकडे बघवेना. शरमेने कानशिलं तापली.

"मीच त्याच्याकडून ती खोटी जबानी पाठ करून घेतली होती, पोरी. उद्या मी येते तुझ्याबरोबर. तेही सांगेन."