लाइन बंद कर

दार लोटून घे रे संघर्षा, थंडी येऊन राह्यली. अन् ममता, तो मोबाइल उलटा ठेव. मंग रातभर झोप नाई आली त माह्या नावानं बोंबलायचं नाई.

हे माह्यावर नाई बितलं. रामधनवर बितलं. बाभुळगावच्या रस्त्याले माह्या वावराले लागून त्याचं गव्हाचं वावर हाये. खोटं रचायचा सुद्धा कंटाळा करते, इतका आळशी माणूस. म्हणून त्याचं मी ऐकलं.

दोन हजार पंचवीसची भोगी. सोमवार, पुनव होती. काम साधंच होतं. वावरातली लाइन, म्हंजे वीज, त्या हप्त्यात रातची होती, म्हणून रामधन अन् त्याची बायको भुरीबाई जेवण करून ओलिताले गेले. रामधननं विहिरीवरची मोटार चालू केली अन् पाणी वळवायले वावराच्या पार खालच्या टोकाले गेला. भुरीबाई धुऱ्याच्या, म्हंजे बांधाच्या, मधातल्या मचानावर बसली, रानडुकरं पाहायले. डुकरं भ्यावी म्हणून त्यानं त्या साली सगळ्या धुऱ्यानं लाइट लावले होते. एका रांगेत, सरळ. बॅटरीवरचे. बटन मचानावर.

आता इथसा थांबा. विमानाचं सांगल्याशिवाय पुढचं समजणार नाई.

मी हवाईदलात फिटर होतो. विमानालेही माणसावानी नोकरी असते. भरती, बदली, दवाखाना, सारं. दुसऱ्या महायुद्धातलं एक हरिकेन होतं, एका सीटचं, लढाईचं. रिटायर झाल्यावर मले त्याचा नादच लागला. ज्याले त्याले विचारून त्याची सारी कुंडली काढली. खोक्यात बंद होऊन बोटीनं कराचीले उतरलं. तिथून बदली इंफाळच्या लढाईवर. पंखाले गोळ्या लागल्या, ठिगळं लावून उडवलं. इंजिन बसलं, दुसरं टाकून उडवलं. पायलट बदलत गेले, पण ज्याले घेऊन गेलं त्याले वापस आणलं. लय इमानी विमान! मंग नवी विमानं आली अन् हे म्हातारं ठरलं. पंचेचाळीसच्या हिवाळ्यात एका पोट्ट्याले हुकूम झाला, याले नागपूरले नेऊन सोड. शेवटची ड्युटी.

त्याले धुक्यात नागपूर दिसलंच नाई. अंधार पडला, पेट्रोल सरलं. अन् खाली आपल्या गावचे लोक जागलीवर होते. ज्वारी राखायले ज्यानं त्यानं आपल्या धुऱ्यावर आगटी पेटवली होती. धुरा सरळ, त आगट्याही एका रांगेत. वरतून त्या पोट्ट्याले वाटलं, धावपट्टीची लाइन हाये.

उतरला बिचारा.

विमान जळलं. तो आतून पाणी मागत होता म्हणते. पण बॉम्ब फुटन म्हणून गाव दूरच उभं राह्यलं. जवळ कोणी गेलं नाई. मले अजूनही याचा राग येते. आपलेच लोक होते... पण येते.

तेच वावर आता रामधनकडे हाये.

त रामधन पाणी वळवत होता. धुकं उतरलं होतं. चांदणं होतं, पण चंद्र अन् लाइटाचे ठिपके सोडले त हातभर पुढचं दिसत नव्हतं. इतक्यात कुठंतरी इंजिन ठसकलं. त्याले वाटलं, शेजाऱ्याचा डिझेल पंप असन. पुन्हा ठसकलं. अटकलं. चालू झालं.

मंग त्यानं मान वर केली.

आवाज वरतून येत होता.

दिसत काहीच नव्हतं. पण धुकं हलत होतं. चंद्रावरून काहीतरी गेलं... अन् पलीकडून वळलं. खाली आलं. रामधननं लाइटाची रांग पाहिली. त्या रांगेच्या मधात मचान. मचानावर भुरीबाई. त्याले त्या जुन्या आगट्यायची गोष्ट आठवली. आपणच याले बोलावून राह्यलो!

तो चिखलातून पळाला. पाय रुतत होते. बोंबलला, "भुरे! लाइन बंद कर! अवं, लाइन बंद कर!"

आता आपल्याकडे लाइन म्हटलं की काय? मोटारीची वीज. त्याले म्हणायची होती लाइटाची रांग. बटन तिच्या उशाशी होतं. पण तिले वाटलं, मोटारीले करंट उतरला, हा चिपकला. ती बाई तशीच मचानावरून उडी मारून, अनवाणी, विहिरीवरच्या स्टार्टरकडे पळाली.

लाइट चालूच.

आवाज रामधनच्या डोक्यावरून गेला. वारं नाई, काही नाई... त्याचा दुपट्टा उडाला. मचान हललं. करकरलं.

मंग इंजिन बंद.

काहीच नाई. मोटार बंद. रातकिडे बंद.

तो पडत झडत विहिरीपाशी पोचला. भुरीबाई स्टार्टरले हात लावून उभी. म्हणे, "काहून बोंबलत होते हो? मले वाटलं तुम्ही गेले." रामधननं तिले जवळ घेतलं अन् लहान लेकरावानी रडला. मले सांगतानाही रडला.

तो म्हणाला, "चाल घरी."

ती हलेना. समोर पाहत होती.

"कोणाले पाहून राह्यली?"

"कोणाले नाई," म्हणे. "पण आतापर्यंत इथसा कोणीतरी धापा टाकत होतं... मले वाटलं तुम्हीच."

सकाळी रामधननं मले हाक मारली. मी सोता गेलो. मचान उभं. गव्हाचं एक पातं मोडलं नव्हतं. विहिरीपाशी ओल होती, तिथं भुरीबाईची अन् रामधनची, दोघायचीही अनवाणी पावलं चांगली उमटली होती.

अन् भुरीबाईच्या पावलांच्या समोर, हातभर अंतरावर, बुटाचे दोन ठसे. तोंड तिच्याकडे.

आम्ही चारी बाजूनं पाह्यलं. येतानाचे ठसे नव्हते.

जातानाचेही नाई.