समोरच्या घरातला डेरिल

"चोक ओढलास का?"

मी दचकून मागे पाहिलं. बाबांचं गवत कापायचं लॉनमोअर सुरू करता करता मी घामाघूम झाले होते. विचारणारा समोरच्या घरात कालच राहायला आलेला उंच, काळा तरुण होता. त्याने एकदाच दोरी खेचली आणि मशीन धडधडायला लागलं.

"मी डेरिल."

"मी वसुधा. वसू म्हण, सोपं आहे."

"वसु...धा. छे, पूर्णच म्हणणार. अख्खा उन्हाळा पडलाय सराव करायला."

"आणि नाही जमलं तर?"

"तर रोज येऊन विचारावं लागेल... नाइलाज!"

तो रोज आला. शाळेत गणित शिकवायची त्याची नोकरी सप्टेंबरात सुरू होणार होती. माझं फार्मसीचं शेवटचं वर्ष. संध्याकाळी आम्ही आमच्या पायरीवर बसायचो. आईच्या चिवड्यातले शेंगदाणे तो वेचून खायचा. एकदा माझ्या केसातली गवताची काडी काढताना त्याची बोटं कानापाशी रेंगाळली. "राहू दे," मी म्हटलं — काडी की हात, माझं मलाच कळलं नाही.

ते चौऱ्याऐंशी साल होतं. साउथफील्ड या अमेरिकन उपनगरातल्या आमच्या गल्लीत तोवर काळ्यांची तीनच घरं झाली होती, पण जुलैत चार गोऱ्या कुटुंबांनी विक्रीच्या पाट्या लावल्या. एजंटांचे फोन सुरू झाले — आत्ताच विका, काळ्यांची घरं वाढली की भाव मिळणार नाही.

एका रात्री जेवताना बाबा म्हणाले, "नोव्हायला, पलीकडच्या उपनगरात घर पाहिलंय. आपली माणसंही आहेत तिकडे."

"आपण इथे आलो तेव्हा शेजारच्या बाईंनी असंच घर विकलं होतं," आई म्हणाली. "किती लागलं होतं तुम्हाला!"

"ते वेगळं होतं, मालिनी." मग माझ्याकडे न बघता, "आणि वसू, ते पायरीवर बसणं बंद कर. लोक बघतात."

मी बावीस वर्षांची होते. बोलता आलं असतं. मी भाजी चिवडत राहिले.

त्या रविवारी डेरिलच्या आईने मला जेवायला बोलावलं होतं. डोकं दुखतंय म्हणून मी फोनवर कॅन्सल केलं. खिडकीतून दिसलं — अंगणातल्या टेबलावरून त्यांनी एक प्लेट उचलून आत नेली.

आमची पाटी लागली त्या संध्याकाळी भुरभुर पाऊस होता. डेरिल छत्रीशिवायच आला.

"का जाताय?"

"बाबांना ऑफिस जवळ पडेल..."

"डिअरबॉर्नचं ऑफिस? नोव्हायहून?" तो थांबला. "ते तर लांब पडेल, वसुधा."

मी खाली पाहिलं.

"त्यांचं मी समजू शकतो," तो हळूच म्हणाला. "पण तू... तू नको ना जाऊस. कॉलेजजवळ खोली घे. माझं प्रेम आहे तुझ्यावर."

माझंही होतं. ओठांपर्यंत आलं होतं. "आई हाक मारतेय," मी म्हटलं. आईने हाक मारली नव्हती.

सामान हलवायच्या दिवशी तो आला, न बोलावता. बाबांच्या बरोबरीने जड सोफा उचलून ट्रकमध्ये चढवला. बाबांशी हात मिळवला. माझ्याकडे पाहून नुसती मान हलवली आणि रस्ता ओलांडून गेला.

गाडी वळणावर आली तेव्हा बाबा म्हणाले, "चांगला मुलगा आहे हो."

आईने बाहेर पाहिलं.

"हो," मी म्हटलं.