मागच्या रांगेत अक्का

"अक्का, पोरीचं लग्न ठरलंय आणि तुमच्या तोंडावर हसू म्हणून नाही. एवढं खुपतंय का तिचं सुख?"

केळवणाच्या भरल्या पानांवर निवेदितानं, सख्ख्या भावजयीनं, सगळ्यांदेखत विचारलं आणि शकुंतलाक्कांचा वाढता हात तिथंच थबकला. समोर नवा शालू नेसून वेदश्री उभी होती... आईवडिलांमागं ज्या धाकट्या भावासाठी अक्कांनी स्वतःचं ठरलेलं लग्न मोडलं, धारवाडच्या शाळेत बत्तीस वर्षं खडू झिजवले, त्या संजीवची लेक! अक्कांनी आशेनं भावाकडं पाहिलं. तो भात चिवडत म्हणाला, "अक्का, लग्नात जरा मागंच बस. पाहुणे विचारतात मला."

काळीज चिरत गेलं बाई! पण सांगणार काय आणि कुणाला?

सहा महिन्यांपूर्वी केशवापूरचे डॉक्टर म्हणाले होते, "वयाबरोबर मेंदूतलं डोपामीन नावाचं रसायन सगळ्यांचंच थोडं कमी होतं. तुमचं फारच घटलंय, अक्का. हा पार्किन्सन आहे. चेहरा हलत नाही, हात थरथरतो, आनंदसुद्धा पूर्वीसारखा वाटेनासा होतो. गोळ्या लगेच सुरू करा."

अक्कांनी चिठ्ठी पिशवीच्या तळाशी दडवली. कारण त्याच आठवड्यात वेदश्रीला बघायला आलेल्यांनी विचारलं होतं, "घराण्यात कुणाला मेंदूचं दुखणं नाही ना?" आणि संजीवनं छाती ठोकून 'नाही' म्हटलं होतं! घरात गोळ्या दिसल्या की बोभाटा होणार, स्थळ मोडणार... त्यापेक्षा पोरीवर अक्षता पडेपर्यंत मत्सरी म्हणवून घेऊ, असं त्या माउलीनं ठरवून टाकलं.

अक्षता पडल्या. अक्का मुकाट्यानं मागच्या रांगेत बसल्या होत्या. सासरी निघालेली वेदश्री पाया पडायला आली, तिला जवळ घ्यायला त्या उठल्या, पण पाऊलच उचलेना... आणि त्या सगळ्यांसमोर कोसळल्या.

पोरीची पाठवणी निवेदितावर सोपवून संजीवनं अक्कांना रिक्षात घातलं, केशवापूर गाठलं. डॉक्टर रागावलेच. "सहा महिने झाले पार्किन्सनचं सांगून. गोळ्या का नाही घेतल्या यांनी? यांना हसताही येत नाही, दिसत नाही का घरात कुणाला?"

संजीवचा चेहरा पांढराफटक पडला. डॉक्टर बाहेर जाताच तो कसाबसा म्हणाला, "मला तरी सांगायचंस गं."

"तू 'नाही' म्हणून बसला होतास, संजू. तुला खोटं कसं पाडू?"

पन्नाशीचा तो बाप्या अक्कांच्या मांडीत डोकं खुपसून हुंदके देऊ लागला. "तप्पाय्तु, अक्का... चुकलं माझं. तुला मागं बसवलं मी."

अक्कांचा थरथरता हात त्याच्या केसांतून फिरत राहिला. याच क्षणासाठी त्या किती तळमळल्या होत्या! आता ऊर भरून येईल, आता डोळे वाहतील, म्हणून त्या वाट पाहत राहिल्या... आत काहीच हललं नाही. भाऊ परत मिळाला, हे त्यांना नुसतं कळत होतं.

"आता बरं वाटतंय ना, अक्का?" त्यानं डोळे पुसत विचारलं.

"हो रे," अक्का म्हणाल्या, "फार बरं वाटतंय."