रामघाटाची साक्ष

क्षिप्रेच्या काठी खांबांवर सात छोटे संगणक बसवले होते. पाणी चढले की भोंगा वाजवणे हे त्यांचे काम. ते चालू आहेत की बंद, हे पाहणे देवश्रीचे. नियम एकच आणि शहाणा होता: कोणत्याही यंत्राने स्वतःच्या जिवंतपणाची ग्वाही द्यायची नाही. शेजारी यंत्रांनी ठरावीक अंतराने हाक मारायची आणि उत्तर आले तरच साक्ष द्यायची. साहेबलोकांना हा नियम अजून लागू झालेला नाही.

मागच्या पावसाळ्यात एका साहेबांनी बंद यंत्र कागदावर चालू ठेवले. भोंगा वाजला नाही. देवश्रीची सुमनमावशी स्नानाच्या पायरीवरून वाहून गेली. अहवालानुसार त्या सकाळी सर्व सुरळीत होते.

"ताई, सरांना शामपर्यंत सातही मशीनचं सर्टिफिकेट पाहिजे," सहकारी शैलेंद्र म्हणाला.

"सहाचं देते. मेलेल्याची सोय लावायची तर सरांनी घाटावर पंडा गाठावा."

रामघाटाचे यंत्र तिच्या टेबलावर उघडे पडले होते. आत गाळ, कुजक्या झेंडूचा वास. पडद्यावर मात्र सहाही शेजारी सांगत होते: रामघाट जिवंत.

दोघे भर दुपारी घाटावर गेले. खांबावरची पेटी रिकामी, वायरी तोडलेल्या. देवश्रीने आत हात घातला. पेटी सावलीत होती. तरी आत ऊब होती, नुकतेच कोणी उठून गेलेल्या जागेला असते तशी.

"कुछ तो गडबड है," शैलेंद्र पुटपुटला. "चालू दाखवतंय तर दाखवू द्या ना, ताई."

"मावशीच्या वेळीही कागदावर चालूच दाखवलं होतं."

तिने फोनवरून शेजारी एकेक करून बंद केले. साक्ष टिकली. शेवटचाही बंद झाला. आता साक्षीदारांची यादी रिकामी हवी होती. तीत एक नाव होते: तिचाच फोन.

तिने तोही बंद केला.

"संपलं. लिही, रामघाट मृत."

शैलेंद्र पेटीकडे पाहत होता.

"रामघाट जिवंत," तो म्हणाला.

"चेष्टा पुरे."

त्याने मान वळवली नाही. मग, तितक्याच सपाट आवाजात: "रामघाट जिवंत."

देवश्रीने त्याच्या हातातला कागद ओढला, 'मृत' लिहिले, सही केली.

खालच्या पायरीवर संकल्प सांगणारा पंडा मध्येच थांबला. यजमानाची ओंजळ तशीच राहिली. दोघांनी पेटीकडे मान वळवली.

त्यांचे ओठ शैलेंद्रच्या बरोबरीने हलले.

ती कागद घेऊन घाट चढू लागली. सही तिची होती. ती पोहोचवणारच होती.

वर येईपर्यंत तिने दात घट्ट आवळून धरले. जीभ मात्र आतल्या आत, ठरावीक अंतराने, हलत होती.