एका हाकेचा खटला

उल्काच्या घरात एक शब्द कुणी काढायचा नाही, असा कायदाच होता. तो शब्द शिवी नव्हता की अभद्र नव्हता. उलट अख्ख्या बेंगळुरात त्याच्याइतका साधा, दिवसभर लोकांच्या तोंडात घोळणारा शब्द दुसरा नसेल. 'बा.' कानडीत बा म्हणजे ये. बनशंकरीतल्या त्यांच्या गल्लीत उजाडल्यापासून बा-बा चालू: फुलवालीचं गिऱ्हाइकाला, समोरच्या अक्काचं नातवाला, पोरांचं कुत्र्याला. उल्काच्या घरात मात्र 'ये' म्हणायचं, 'या' म्हणायचं, पाहुणा कानडी असला तर अदबीनं 'बन्नि' म्हणायचं, पण नुसतं 'बा' नाही. गुंडू अज्जांना ते चालत नसे. कानावर पडलं की त्यांच्या हातातलं काम तिथंच थांबायचं, मान ताठ व्हायची, आणि दोन्ही हात खुर्चीचे दांडे असे घट्ट धरायचे, जसं कुणी त्यांना ओढून नेतंय.

उल्काला त्यात काही नवल वाटत नसे. प्रत्येक घरातल्या म्हाताऱ्याचं एक खूळ असतंच, आणि तिच्या मैत्रिणींच्या घरची खुळं याहून भारी होती.

त्या वर्षी उल्का अकरावीत होती आणि हवेत होती. आदल्या वर्षापर्यंत वर्गात उभं राहिलं की ती पाठ केलेलंसुद्धा विसरायची. यंदा तिनं आंतरशालेय वादविवादात सर्जापूर रोडच्या झगमगीत शाळेच्या संघाला पाणी पाजलं होतं, आणि तेव्हापासून ती भाजीवाल्याशीसुद्धा मुद्देसूद भांडायची. तिची आई शिवलीला म्हणायची, "हिला कप दिला ते दिला, त्याला झाकण पण द्यायला पाहिजे होतं त्यांनी."

अशा या उल्काच्या हाती अज्जांची केस लागली.

अज्जा म्हणजे आईचे वडील. खानापूरकडचे, घरात मराठी, बाजारात कानडी. ऐन विशीत फौजेत गेले, बर्फातल्या एका चौकीवर नेमले गेले आणि थोड्याच काळात परत पाठवले गेले. डिस्चार्ज बुकात कारण होतं: हुकमाशिवाय चौकी सोडली. तेवढ्या एका ओळीपायी गावानं त्यांचं नाव 'पळपुटा गुंडू' करून टाकलं. ते बेंगळूरला आले. जन्मभर निरनिराळ्या गेटांवर वॉचमनकी केली, आणि आई सांगायची की बदली माणूस आल्याशिवाय ते कधी चहालासुद्धा गेट सोडून गेले नाहीत. आता थकल्यावर त्यांना एकच गोष्ट हवी होती. पेन्शनचं त्यांनी कधी तोंडातून काढलं नाही. ती ओळ पुसून तिथं 'सन्मानानं सेवामुक्त' असं लिहून हवं होतं, आणि तेही डोळे मिटायच्या आत.

"मी पळालो न्हाई गे," ते उल्काला म्हणायचे. "बोलावलं म्हणून गेलो."

हयवदन राव वकील बसवनगुडीतले, पिढ्यान् पिढ्या तिथंच राहिलेल्या मराठी घरातले. त्यांचं मराठी कानडीच्या फोडणीशिवाय शिजत नसे. त्यांनी खटपट करून जुन्या चौकशीची नक्कल मिळवली आणि ती ऐकवायला एका दुपारी अज्जांना बोलावलं. उल्का बरोबर गेली, हे सांगायला नकोच.

"स्वल्प थांबा, वाचतो." रावांनी चष्मा वर ढकलला. "पहाऱ्यावरचा संत्री सांगतो की त्याला त्याच्या वडिलांची हाक ऐकू आली आणि तो चौकी सोडून धुक्यात गेला." त्यांनी कागद खाली ठेवला. "अण्णा, असलं बोलल्यावर कोण ठेवून घेईल तुम्हाला? तिकडं बर्फात तुमचे वडील काय करत होते?"

"माझा बाप?" अज्जा गोंधळले. "मी पाळण्यात असताना गेला की तो. मी कशाला त्याचं नाव काढू?"

"मग काय सांगितलंत?"

अज्जांनी आधी दाराकडं बघितलं. "काय ऐकलंस, असं विचारलं. मला हिंदी धड येत नव्हती. एक मराठी साहेब मधे बसवलेला. मी त्याला तो शब्द सांगितला. त्यानं पुढं इंग्लिशमधे सांगितलं."

"तो साहेब कुठला होता, अज्जा?" उल्कानं विचारलं.

"साताऱ्याकडचा."

उल्का उठली ती अशी, की खुर्ची मागं कलंडली. "रावकाका, साताऱ्याच्या माणसाला बा म्हणजे काय? बाप. आणि आमच्या अज्जांना?"

रावांना समजायला क्षणभर लागला. मग त्यांचं तोंड हळूहळू कानापर्यंत पसरलं. "अय्यो," ते म्हणाले. "ये."

"कोण बोलवायचं तुम्हाला असं, अज्जा?"

अज्जांनी टेबलाची कड धरली होती. बोटांची पेरं पांढरी पडली होती. "नागराज हवालदार," ते म्हणाले. "धारवाडचे. तोडून म्हणायचे. एकदाच. दुसऱ्यांदा हाक मारायची सवयच नव्हती त्यांना."

"म्हणजे ती नुसती हाक नव्हतीच. हुकूम होता," उल्का म्हणाली, आणि आपला आवाज त्या खोलीत किती छान घुमला हे तिला स्वतःलाच जाणवलं.

रावांनी कॉफी मागवली. परतताना उल्का रिक्षात नुसती गात होती. एका अक्षरानं माणसाचा जन्म नासतो आणि एका अक्षरानं तो परत मिळवता येतो, याच्याहून थरारक गोष्ट तिला अख्ख्या अकरावीत भेटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिनं अज्जांना खुर्चीत बसवलं, रेकॉर्डिंग लावून फोन समोर ठेवला आणि सगळी हकीकत पहिल्यापासून सांगायला लावली. स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. अज्जा फोनकडं न बघता बोलत राहिले.

"चौकीवर आम्ही दोघं. मी आणि विश्वेश्वर. तो कराडचा. धुकं असं, की आपलाच हात दिसेना. मग हाक आली. विश्वेश्वर म्हटला, कोण रे बापाला हाक मारतंय इथं. मी म्हटलो, नागराज उस्ताद बोलावताहेत. तो हसला. म्हटला, जा तू, मी हाय इथं. मी आवाजाच्या दिशेनं गेलो. लई चाललो. कुणी नव्हतं. मागं वळलो..."

अज्जा थांबले. उल्कानं त्यांना थांबू दिलं.

"चौकी नव्हती. कडा घसरलेला. बर्फ असा साफ, जसं काय तिथं कधी कोण राहिलंच नव्हतं."

"आणि हवालदार?"

"ते त्याच दिवशी सकाळी खालच्या तळावरनं आमच्याकडं यायला निघालेले. एकटेच." अज्जांनी गुडघे चोळले. "पोचले नाहीत अजून."

संध्याकाळी उल्का ते रेकॉर्डिंग ऐकत लिहून काढायला बसली. अज्जा थांबले होते तिथं, त्या शांततेत, खूप लांबून कुणीतरी म्हणालं, "बा." उल्काला हसू आलं. फुलवालीनं पण काय मुहूर्त साधलाय, असं म्हणून ती पुढं गेली.

रावांच्या ऑफिसात तेच पुन्हा ऐकलं. राव भराभर टिपणं काढत होते. शांतता आली तसे ते पेन थांबवून म्हणाले, "हा कोण मधे? घरातलाच माणूस काय?"

"गल्लीतला असेल कुणी," उल्का म्हणाली. पण आवाज आता गल्लीतला वाटत नव्हता. बाजूच्या खोलीतला वाटत होता, आणि बाईचा तर अजिबातच नव्हता. रावांचे स्पीकर चांगले आहेत, असं तिनं ठरवून टाकलं. तिच्याकडं त्या दिवसांत कशाचाही खुलासा तयार असे.

सुनावणीच्या दिवशी रिक्षात तिनं इयरफोन लावून तो भाग पुन्हा एकदा ऐकला. या वेळी हाक थेट तिच्या कानामागं आली. आणि हाकेच्या आधी, आजवर कधी ऐकू न आलेला, धाप लागल्याचा आवाज होता. मोठा चढ चढून आलेल्या माणसाला लागते तशी धाप.

तिनं इयरफोन काढले. अज्जा शेजारी शांत बसले होते. बाहेर ट्रॅफिक तुंबलेलं, हॉर्न, ऊन. तिच्या अंगावर काटा आला होता, पण तो भीतीचा आहे हे मानायला ती तयार नव्हती. आज सुनावणी होती. काटा यायचाच.

न्यायासनावर दोघं होते, एक न्यायाधीश आणि एक निवृत्त लष्करी अधिकारी. सरकारी वकील म्हणाले, हाक मारली याला पुरावा काय? रावांनी 'बा'चे दोन्ही अर्थ सांगितले, दुभाष्याचं गाव सांगितलं, हवालदार त्या सकाळी त्याच वाटेवर होते हे फौजेच्याच कागदांतून दाखवलं. मागच्या बाकावर उल्का प्रत्येक वाक्याबरोबर ओठ हलवत होती. ही वाक्यं निम्मी तिची होती.

लष्करी अधिकारी पुढं झुकले. "आवाज हवालदाराचाच होता, हे कशावरून?"

"साहेब, इतक्या शिव्या खाल्ल्यात त्यांच्या," अज्जा म्हणाले. "विसरून कसं चालंल?"

ते गंभीर दालन पहिल्यांदाच हसलं.

निकाल काही दिवसांनी वाचला गेला. पहारेकऱ्यानं वरिष्ठाची हाक ऐकली आणि तिचं पालन केलं. ती हाक हुकूमच मानण्यात येत आहे. डिस्चार्ज सन्मानाचा करून द्यावा. उल्कानं रावांना टाळी दिली, आईला फोन लावला, पेढ्यांचा पुडा फोडला आणि वऱ्हांड्यातल्या अनोळखी पक्षकारांनासुद्धा वाटत सुटली. त्या गडबडीत अज्जांचं बोलणं तिनं अर्ध्या कानानंच ऐकलं.

"रावसाहेब, हुकूम होता असं ठरलं न्हवं आता?"

"ठरलं की. शिक्क्यासकट."

"मग तो पुरा झाला का रद्द झाला?"

राव पेढा चघळत हसले. "रद्द करायला तुमचे हवालदार पाहिजेत, अण्णा. तोवर चालूच म्हणा."

"सरी. ठीक हाय," अज्जा म्हणाले. नीट पत्ता समजल्यावर माणूस मान हलवतो, तशी त्यांनी मान हलवली.

नवीन डिस्चार्जचा कागद हातात आला तो रविवार होता. मार्चचं ऊन हॉलमधे फरशीवर पसरलं होतं, आई पुरणाच्या होळग्या लाटत होती, घरभर वेलदोड्याचा वास होता. अज्जांनी दाढी केली होती, पांढरा शर्ट घातला होता. 'सन्मानानं' या शब्दावर बोट ठेवून ते बराच वेळ बसले. उल्कानं त्यांना वाफाळता चहा आणून दिला. त्यांनी एक घोट घेतला.

"आता गावाला जाऊ या आपण," उल्का म्हणाली. "चौकात उभं राहून मी वाचून दाखवते. ज्यानं ज्यानं पळपुटा म्हटलंय ना, त्याला पहिल्या रांगेत बसवू."

"तू काय ऐकतीस होय," अज्जा म्हणाले, आणि खुश होऊन हसले.

तेवढ्यात जिन्यात कुणाचीतरी धाप ऐकू आली.

मग, "बा."

एकदाच.

"आई, रावकाका आले वाटतं," उल्का म्हणाली आणि अज्जांकडं वळली.

अज्जांनी खुर्चीचे दांडे धरले नव्हते. त्यांचे दोन्ही हात मोकळे होते. त्यांनी पेला खाली ठेवला. शर्टाचं वरचं बटण लावलं. उठले.

"बंदे, सर," ते म्हणाले. आलो, सर. आवाज खणखणीत होता, विशीतल्या पोराचा असावा तसा.

ते अनवाणीच बाहेर गेले.

उल्का त्यांच्यामागं दारात पोचली तेव्हा जिना रिकामा होता. वर गच्चीला कुलूप. खाली गेटवर वॉचमन पेपर वाचत होता. कुणी आलं नाही, कुणी गेलं नाही, तो म्हणाला. ती गल्लीत धावली. फुलवाली होती, कुत्रं होतं, ऊन होतं.

कुणाला तरी कागद दाखवायला गेले असतील. शेजारी. नाहीतर कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडं. तिच्याकडं खुलासे होते. पण जिना चढताना ते एकेक करून संपत गेले, कारण कागद खुर्चीवरच होता हे तिनं निघताना बघितलं होतं. आणि ती हाक म्हणजे हुकूम होता, हे साऱ्या जगाला पटवून दिलं होतं ते तिनंच.

"अज्जांना बोलाव गं," आई आतून म्हणाली. "होळगी गरम आहे तोवर खाऊ दे."

उल्कानं हाक मारायला तोंड उघडलं. आणि कोणत्या शब्दानं मारावी, हे तिला कळेना.

काहीतरी करायचं म्हणून ती खुर्चीपाशी गेली आणि अज्जांचा पेला उचलला. बर्फासारखं गार स्टील बोटांना चिकटलं. तिनं पेला हळूच तिरका केला.

चहा हलला नाही.