पोचवायला आलेली गर्दी

सांगा बघू, विमानतळावर पाय ठेवायला जागा नाही आणि विमान मात्र रिकामं, असं कधी होईल का?

आमच्या सातपाणीत रोज होत होतं. आणि त्यापायी माझ्या रेणूआत्यावर थेट गुवाहाटीला जायची वेळ आली होती, म्हणून मला या भानगडीत पडावं लागलं. नाहीतर मी भली आणि माझा झोका भला!

सातपाणी हे सातपुड्याच्या पायथ्याचं, केळीच्या बागांमधलं आमचं गाव. विमानतळ एवढासाच, पण ऐटदार. छपरावर सौरपट्ट्या, बाजूला विमानाच्या बॅटऱ्या भरायचं केंद्र. रेणूआत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. ती बॅटरीवर उडणारं विमान चालवते. सकाळी मुंबईला जाते, संध्याकाळी घरी येते आणि माझ्याशेजारी झोपून खुशाल घोरते. माझी वेणीही तीच घालते. आई घालते ती वेणी नसते, शिक्षा असते. आत्या गुवाहाटीला गेली तर माझं काय, हे कुणी विचारतच नव्हतं.

विमानतळाच्या दारात मोजोबा उभा असतो. मोजोबा यंत्रमानव आहे. दारातून आत येणारी माणसं मोजायची आणि आकडा विमान कंपनीला कळवायचा, हे त्याचं काम. तो बनला सातासमुद्रापार, मराठी मात्र आमच्यापेक्षा शुद्ध बोलतो.

सुरुवातीला आत्याचं विमान एकोणीस खुर्च्यांचं होतं आणि रोज गच्च भरून जायचं. मोजोबा कळवायचा, "आज दीडशे माणसे आली." कंपनीला वाटलं, एकोणीस गेली, म्हणजे उरलेल्या बिचाऱ्यांना जागाच मिळाली नाही! लगेच त्यांनी शहात्तर खुर्च्यांचं मोठं विमान पाठवलं. गावाने पेढे वाटले. पण मोठ्या विमानातही बसायला माणसं तेवढीच. मग कंपनी चिडली. म्हणाली, आखाजीपर्यंत वाट बघू (अक्षय्य तृतीयेला आमच्या खानदेशात आखाजी म्हणतात), नाहीतर सातपाणीची फेरी बंद आणि वैमानिक गुवाहाटीला.

"पण थोडी माणसं नेली तर बिघडतं कुठं?" मी नारखेडे साहेबांना विचारलं. ते विमानतळाचे प्रमुख. पोट मोठं, मन त्याहून मोठं आणि चेहरा त्या दिवसांत सदैव पडलेला.

"शाल्मली, तू शेअर रिक्षाने शाळेत जातेस ना? तो रिक्षावाला दोन पोरांवर निघतो का गं?"

"छे! गाडी भरेपर्यंत हलत नाही. बाई मलाच रागावतात."

"का हलत नाही? कारण दोन पोरं असोत की सहा, रिक्षाला वीज जवळजवळ तेवढीच लागते. विमानाचंही तसंच. म्हणून आम्ही भरणांक बघतो (एकूण खुर्च्यांपैकी किती भरल्या, ते सांगणारा आकडा). लहान विमानात एकोणीसच्या एकोणीस खुर्च्या भरायच्या. भरणांक शंभर टक्के. आता शहात्तरात एकोणीस. किती झाला?"

"पाव! पंचवीस टक्के."

"पंचवीस टक्क्यांत विमान चालत नाही, बाळ," साहेब म्हणाले आणि पुन्हा चेहरा पाडून बसले.

त्याच वेळी विमानतळाच्या दारातून स्नेहलकाकू आल्या. स्नेहलकाकू चौधरी आमच्या शेजारी राहतात. मुंबईला बहिणीकडे निघाल्या होत्या. त्यांच्यामागून त्यांची दोन्ही मुलं, सुना, नातवंडं, भाचे, भिशीच्या सगळ्या मैत्रिणी आणि दूधवालासुद्धा आत शिरला. आमच्याकडे दारावर कुणी अडवत नाही, तपासणी आतल्या फाटकाशी होते. बाकड्यावर भरीत-पुरीचे डबे उघडले. भरताच्या खमंग वासाने माझ्याही तोंडाला पाणी सुटलं. "पोचल्यावर फोन कर गं!" "औषध घेतलं का?" असा नुसता कल्ला! काकूंनी डोळ्यांना पदर लावला, मग सगळ्यांनी लावला. चार दिवसांसाठी तर चालल्या होत्या!

मोजोबाचा दिवा लुकलुकला. "एकवीस प्रवासी आले," त्याने जाहीर केलं.

मी जागच्या जागी उडालेच. "अरे मोजोबा! जाणारी एकटी काकू आहे! बाकीचे पोचवायला आलेत!"

"पोचवायला म्हणजे काय?" मोजोबाने मान वाकडी केली. "ज्यांना कुठेच जायचे नाही, ते विमानतळावर का येतात?"

आता याला काय सांगायचं? "जाणाऱ्याला एकटं वाटू नये म्हणून येतात. हात हलवतात आणि घरी जातात."

मोजोबाने मान सरळ केली. "माझ्या कारखान्यात हे शिकवलेले नाही," तो म्हणाला. "तिथे विमानतळावर फक्त प्रवासी येतात. म्हणजे मी इतके महिने हात हलवणारे मोजले."

नारखेडे साहेबांनी कपाळावर हात मारून घेतला. "आणि मीही रोज हीच गर्दी बघतोय! पण आपल्याकडे हे असंच असतं, त्यात सांगण्यासारखं काय, असं मला वाटलं. कंपनीतल्या माणसांनी तर सातपाणी कधी पाहिलंच नाही."

कोडं सुटलं! मी नाचतच घरी गेले. पण संध्याकाळी आत्या आली ती तोंड एवढंसं करून. कंपनीच्या थॉमस मॅडम पडद्यावर बोलल्या होत्या. चूक कळली म्हणाल्या, पण आता तर त्यांना वाटतं की सातपाणीत प्रवासीच नाहीत. एकोणीस आहेत ते एकोणीसच राहणार. लहान विमान परत आणलं, तरी एकाच गावच्या एकोणीस माणसांसाठी ते दिवसभर अडकवून ठेवणं परवडत नाही. मग फेरी ठेवायची कशाला?

मला रडूच फुटलं. चांगलं मोठ्याने रडले. आत्याने मला कुशीत घेतलं आणि तीही रडली. वैमानिक असली म्हणून काय झालं?

रडता रडता माझ्या मनात आलं, ही पोचवायला येणारी माणसं स्वतः कधी कुठं जातच नाहीत का?

दुसऱ्या दिवशी मी मोजोबासमोर जाऊन उभी राहिले. "आज मोजायचं नाही. विचारायचं. तुम्ही नेहमी कुठं जाता आणि कसे?"

मोजोबा जो सुटला म्हणता! एकेकाला गाठून, हात जोडून विचारू लागला. लोकही काय, बोलायला तयारच. कुणाची मुलगी सुरतेला दिलेली, कुणाचा मुलगा सुरतेच्या कापड गिरणीत, कुणाचं अख्खं माहेर तिथं. मुंबईला वर्षातून एखाद्याच वेळी, सुरतेला मात्र सारखं. रात्रभर गाडीत कंबर मोडून जायचं आणि तसंच परत यायचं. भिशीतल्या एक आजीबाई तर म्हणाल्या, "माय वं! विमान सुरतेला गेलं असतं तर मी नातवाचं बारसं चुकवलं असतं का रे बाबा?"

नारखेडे साहेबांचे डोळे चमकले. "याला म्हणतात सुप्त मागणी (लोकांच्या मनात असलेली, पण कुणी विचारली नाही म्हणून न दिसलेली गरज). आम्ही फक्त बसलेले प्रवासी मोजत होतो. जे बसू शकत नव्हते, त्यांना कधी विचारलंच नाही."

"मग सुरतेला विमान सोडा की!"

"इतकं सोपं नाही गं. विमान एकच. सुरतेला नेलं तर मुंबईवाले ओरडतील."

संध्याकाळी मी हे घरी सांगितलं, तशी आत्या हसली. त्या महिन्यात पहिल्यांदाच हसली. तिने मला अंगणात नेलं आणि खडूने जमिनीवर तीन ठिपके काढले. सातपाणी, सुरत, मुंबई.

"शाल्मली, तुझी रिक्षा सरळ शाळेत जाते?"

"नाही, आधी बाजारात. तिथं भाजीवाल्या उतरतात आणि तिथली पोरं चढतात. मग शाळा."

"म्हणजे भाजीवालीची जागा रिकामी राहते का?"

"छे! पुढच्या टप्प्यावर त्याच जागेवर दुसरं कुणी बसतं..." आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी खडू हिसकावून तिन्ही ठिपके जोडले. सातपाणीहून सुरत, सुरतेहून मुंबई, मुंबईहून परत सातपाणी. त्रिकोण! सुरतेचे प्रवासी सुरतेला उतरतील, त्यांच्या खुर्च्यांवर मुंबईला जाणारे सुरतेचे लोक बसतील. संध्याकाळी उलट्या दिशेने फिरलं की सुरतेचे लोक आपल्याकडे येतील. एकच लहान विमान आणि गावं तीन.

"आणि जागेवर बसणारं माणूस बदललं, तरी भरणांक तसाच राहतो," आत्या म्हणाली. "मार्ग आखणं म्हणजे नकाशावर नुसती रेघ ओढणं नव्हे. माणसं मनाने आधीच कुठं जाऊन बसलीत, ते शोधायचं."

आमचा त्रिकोण ऐकून थॉमस मॅडम पडद्यावर कुरकुरल्या. एवढ्या जवळ विमानाने कोण जातं, वगैरे. मग मोजोबाने लोकांची उत्तरं त्यांच्याच आवाजात ऐकवली. बारसं चुकलेल्या आजीबाईंचा आवाज आला तेव्हा मॅडमनी तो पुन्हा लावायला सांगितला. "बरं," त्या म्हणाल्या, "आखाजीच्या आठवड्यात करून बघा. भरलं तर चालू, नाहीतर बंद."

आखाजीला आमच्याकडे लग्न झालेल्या मुली माहेरी येतात, झाडाझाडाला झोके बांधतात. त्या आठवड्यात पहिलं लहान विमान सुरतेहून आलं, त्या संध्याकाळी मी धावपट्टीच्या कुंपणाला चिकटून उभी होते. दार उघडलं. एक ताई उतरली, मग दुसरी, मग कडेवर बाळ घेऊन तिसरी. उतरतच होत्या! एकही खुर्ची रिकामी नव्हती. सण संपला तशा त्याच सासरी निघाल्या आणि जाणारं विमानही भरलं. आणि आश्चर्य म्हणजे पुढच्या आठवड्यातही भरलं, कारण आता त्यांचे आईबाप त्यांना भेटायला निघाले होते. आत्याची गुवाहाटी रद्द! नारखेडे साहेबांनी पुन्हा पेढे वाटले आणि निम्मे स्वतःच खाल्ले.

त्यानंतरच्या रविवारी आत्याने मला सुरत दाखवायचं कबूल केलं. माझा पहिला विमानप्रवास! मला पोचवायला आई, बाबा, स्नेहलकाकू, त्यांची सगळी भिशी आणि आमचा रिक्षावालासुद्धा आला. मी दाराशी पोचले तर तिथं मोजोबाच नाही! त्याच्या जागी नारखेडे साहेब उभे राहून बोटांवर मोजत होते.

"मोजोबा कुठं गेला?" मी घाबरून विचारलं.

साहेबांनी हळूच गर्दीकडे बोट दाखवलं. स्नेहलकाकूंच्या शेजारी, एका हातात पुऱ्यांचा डबा धरून मोजोबा उभा होता. दुसरा हात त्याने आत्तापासूनच हलवायला सुरुवात केली होती.

"साहेब, मला मोजू नका," तो म्हणाला. "मी पोचवायला आलो आहे."

मग माझ्याकडे वळून म्हणाला, "शाल्मली, पोचल्यावर फोन कर. आणि परत आलीस की इंदूरच्या विमानाचे बघू. आज सहा जणांनी विचारले."